मशीन लावून आईंना झोपवू नका, जिना चढवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६३ वर्षांच्या, काळाचौकीला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये झीज तिसऱ्या ग्रेडची. वर्षभरापासून कंबरही धरते. जवळच्या क्लिनिकमध्ये करंटच्या दहा सिटिंग झाल्या. मशीन लावलं की बरं वाटतं, पण घरी येऊन जिना चढेपर्यंत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता तुम्हाला फोनवर दोन हजारांचं टेन्स मशीन, म्हणजे त्वचेवर पट्ट्या चिकटवून घरीच हलका करंट देणारं यंत्र, दिसलंय. ते घ्यावं का, आणि शेजारच्या काकू म्हणतात तसं रोजच्या करंटने नसा कमजोर होतात का, असं तुम्ही विचारलंय.

परळ-लालबाग भागात मी २२ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. पहिलं उत्तर काकूंना: नसा कमजोर होत नाहीत. टेन्सचं मशीन सेलवर किंवा छोट्या बॅटरीवर चालतं. त्यातून येणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतका बारीक, तोही सलग नाही, तर बारीक बारीक ठोक्यांचा. एक ठोका साधारण १०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा भाग. नस जळेल किंवा झिजेल असं त्यात काही नाही. त्वचा लाल होणं, पट्टीच्या चिकटपणाने खाज येणं, एवढाच त्रास बहुतेकांना होतो. काही जणांना मात्र हे मशीन लावायचंच नसतं. ते पुढे सांगते, तो भाग न वाचता मशीन मागवू नका.

आता हे करतं काय, ते नीट समजून घ्या, कारण आईंच्या दहा सिटिंग का वाया गेल्या याचं उत्तर त्यातच आहे. दाराच्या कडेवर कोपर आपटलं की आपण काय करतो? दुसऱ्या हाताने जोरजोरात चोळतो, आणि कळ थोडी ओसरते. स्पर्शाची खबर नेणारे मज्जातंतू जाड आणि वेष्टण असलेले असतात, त्यांच्यातून संदेश पळतो सेकंदाला तीस-चाळीस मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने. जुनाट, मुरलेल्या दुखण्याची खबर नेणारे तंतू बारीक, बिनवेष्टणाचे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. दोन्ही खबरा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतात, आणि तिथे स्पर्शाची खबर जोरात येत असली तर दुखण्याची खबर पुढे मेंदूकडे कमी जाते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली हे मांडलं आणि त्याला दाराची उपमा दिली. त्यांच्या मांडणीतले काही तपशील पुढे बदलले, पण मुख्य विचार टिकला. टेन्स म्हणजे चोळणाऱ्या हाताची जागा घेणारा करंट. जाड तंतूंना जागं करायला थोडा करंट पुरतो, बारीक तंतूंना बराच लागतो. म्हणून मुंग्या येतात, पण दुखत नाही.

दुसरीही एक वाट आहे. करंटमुळे शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, अफूच्या जातीची, पण आपल्याच शरीरात बनणारी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की कमी वेगाचे ठोके आणि जास्त वेगाचे ठोके या द्रव्यांच्या वेगवेगळ्या कुलपांना लागतात. आई ट्रॅमाडॉलसारखी, अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी बरेच महिने घेत असतील तर मला आधी सांगा. त्या जातीच्या गोळ्यांची शरीराला सवय झालेली असली की कमी वेगाचे ठोके फारसे लागू पडत नाहीत, तिथे जास्त वेगाचे वापरायचे.

या दोन्ही वाटांवर घडतं ते एवढंच: दुखण्याची खबर काही काळ कमी होते. गुडघ्याची झीज भरून येत नाही, "वंगण" परत येत नाही, "मणक्यातली गॅप" बुजत नाही. (गॅप हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की माणसाला खरंच वाटतं मणके सुटे झाले. एमआरआयच्या कागदावर गादी थोडी झिजली, सुकली एवढंच बहुधा लिहिलेलं असतं, आणि तसं ते साठीतल्या कितीतरी न दुखणाऱ्या माणसांच्याही कागदावर असतं. हे आईंना सांगा. गॅप या शब्दाची भीती कित्येकांना पलंगाला खिळवते.) मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ दुखणं कमी राहतं. तो जो वेळ मिळतो त्याचं तुम्ही काय करता, यावर सगळं ठरतं. आईंना तो वेळ मिळाला क्लिनिकच्या पलंगावर, आडवं पडून. उठल्या, रस्ता ओलांडला, तीन मजले चढल्या, तोवर तो संपलाही होता.

पुरावा काय म्हणतो तेही सांगते, कारण दोन हजार रुपये तुमचे आहेत. तज्ज्ञांचं यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नका असं ठामपणे म्हटलंय. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ते देऊ नका असं सांगितलं. दुसऱ्या बाजूला २०२२ साली ३८१ चाचण्या आणि २४ हजारांहून जास्त माणसं एकत्र धरून केलेला आढावा निघाला. त्यात खोटं मशीन (दिसायला तसंच, पण खरा करंट न देणारं) लावलेल्यांपेक्षा खरं मशीन लावलेल्यांचं दुखणं, मशीन चालू असताना आणि लगेच नंतर, कमी भरलं. गंभीर अपाय नोंदला गेला नाही. मग हा विरोध कशामुळे? माझ्या मते बरंचसं कारण वापराच्या पद्धतीत आहे. बऱ्याच जुन्या चाचण्यांत माणसं कमी होती, करंट अगदी हलका होता, आणि दुखणं मोजलं ते मशीन काढून बराच वेळ गेल्यावर, माणूस आरामात बसलेला असताना. छत्रीचा उपयोग मोजायचा तर ती उघडी धरून पावसात उभं राहायला हवं.

२०२० साली अमेरिकेत ३०१ बायकांवर झालेला एक अभ्यास म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. त्या फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखण्याच्या रुग्ण. त्यांना मशीन घरी दिलं आणि सांगितलं, रोज किमान दोन तास लावा, पण कामं करताना, हिंडताफिरताना. आणि करंट सहन होईल तितका जोरात. चार आठवड्यांनी हालचाल करतानाचं त्यांचं दुखणं खोट्या मशीनवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी झालेलं होतं. फायब्रोमायल्जिया आणि गुडघ्याची झीज एक नव्हे, हे मी जाणते. पण "हालचाल करताना" आणि "जोरात" हे दोन शब्द मी तिथून उचलले, आणि माझ्या कामाची रीत बदलली.

कारण त्याआधी कित्येक वर्षं मीही तेच करत होते जे आईंच्या बाबतीत झालं. पेशंटला आडवं करायचं, चार पट्ट्या लावायच्या, करंट हलकासा ठेवायचा, "कळतंय ना? बस," म्हणायचं, पडदा ओढून पुढच्या पलंगाकडे जायचं. पंधरा मिनिटांनी घंटी वाजली की काढायचं. माणसं बरं वाटलं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच लंगडत यायची. त्यांचा वेळ आणि पैसा गेला याचं मला आजही वाईट वाटतं. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९५३ साली, पोलिओच्या साथीनंतर, देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली ती लुळ्या पडलेल्या मुलांना हलतं करायला. आपला धंदाच हालचालीचा, आणि आम्ही माणसांना पडद्यामागे निजवत होतो.

आता कसं लावते ते एका उदाहरणाने सांगते. गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. भाजी विकायला दिवसभर फूटपाथवर मांडी घालून बसतात. उजव्या गुडघ्यावर बामाचा इतका थर की बोट ठेवलं तर घसरत होतं. आधी ओल्या फडक्याने तो पुसला, मग साबणाच्या पाण्याने, मग कोरडा केला. गुडघ्याच्या वाटीच्या वर दोन पट्ट्या, एक आतल्या आणि एक बाहेरच्या बाजूला. वाटीखाली तशाच दोन. वाटीवर नाही. करंट हळूहळू वाढवला.

"मावशी, काही कळतंय?"

"मुंग्या आल्यासारखं होतंय."

"दुखतंय?"

"नाही गं."

"मग वाढवते. सहन होईना की हात वर करा."

दोनदा वाढवला. हात वर आला तेव्हा एक घर खाली घेतला. हीच ती जागा: जोरदार, पण सुखाची. पाचेक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "बंद पडलं वाटतं मशीन." बंद पडलं नव्हतं. नसेला सवय होते, तोच करंट जाणवेनासा होतो. पुन्हा थोडा वाढवला. इथेच बहुतेक जण चुकतात. पहिल्या मिनिटाला लावलेला आकडा शेवटपर्यंत तसाच ठेवतात. दहा मिनिटांनी मशीन कमरेला अडकवून त्यांना उभं केलं आणि आठ इंची लाकडी पायरीवर चढायला लावलं. आधी दहापैकी सात दुखत होतं, आता चार म्हणाल्या. दहा वेळा चढल्या-उतरल्या, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठल्या. तो व्यायाम त्यांना तीन महिन्यांपासून सांगितलेला होता, दुखतं म्हणून त्यांनी कधी केलाच नव्हता.

आईंच्या बाबतीत असंच करा. सकाळी मशीन लावा, दहा मिनिटं बसून करंट जमवा, आणि मग पट्ट्या तशाच ठेवून व्यायाम: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, पाच मोजेपर्यंत, दहा-बारा वेळा, उंच खुर्चीतून उठणं-बसणं, गॅलरीत फेऱ्या. चार दिवसांनी एक मजला जिना, कठडा धरून. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. त्यांचे दोन्ही दुखतात, तेव्हा डावा तो बरा समजा. पहिले काही दिवस जिन्यावर तुमच्यापैकी कोणीतरी एक पायरी खाली उभं राहा. बाजारात किंवा देवळात जायच्या आधीही मशीन लावता येतं, ओढणी किंवा पदराखाली दिसतही नाही. एका वेळी अर्धा ते एक तास, दिवसातून दोनदा-तीनदा चालेल. मशीन लावून झोपायचं नाही, आंघोळ नाही, गाडी चालवायची नाही. पट्ट्या लावताना आणि काढताना मशीन बंद.

आकड्यांचं म्हणाल तर बऱ्याच मशीनवर झाकणाखाली तीन गोष्टी असतात. ठोक्यांचा वेग: ८० ते १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या ठोक्यांवर, सुरुवात करा. ठोक्याची रुंदी: १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, मुंग्या टोचऱ्या वाटल्या तर थोडी इकडेतिकडे करा. तिसरा खटका पद्धतीचा. रोज तेच सेटिंग, तोच जोर ठेवला तर काही दिवसांत गुण कमी वाटायला लागतो. हे व्यसन नव्हे, शरीराची सवय आहे. म्हणून वेग आपोआप बदलता ठेवणारी पद्धत अधूनमधून लावा, किंवा एखाद्या दिवशी २ ते ४ हर्ट्झवर, स्नायू ठकठक हलताना दिसेल इतक्या जोरात, वीसेक मिनिटं. ते बसूनच करायचं, चालताना नाही.

कंबरेसाठी पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर, हाडावर नाही. दोन पट्ट्यांत निदान एका पट्टीएवढं अंतर असू द्या.

एक बारीक गोष्ट, पण आपल्याकडे लागू होणारी. निरोगी माणसांवरच्या एका छोट्या प्रयोगात आधी कॅफीन दिलं तर टेन्सचा परिणाम कमी झाला. चहात कॉफीपेक्षा कॅफीन कमी असतं, तरी मी माझ्या पेशंटना सांगते, चहा व्यायाम झाल्यावर घ्या. कोणी नाराज होत नाही. काम संपवून चहा प्यायची सवय सगळ्यांनाच असते.

पट्ट्यांची काळजी मुंबईत जास्तच घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की घामाने कडा सुटतात, आणि कडा सुटली की सगळा करंट उरलेल्या जागेतून जातो, तिथे टोचतं. माणसाला वाटतं मशीन शॉक मारतंय. लावायच्या आधी त्वचा धुऊन कोरडी करा. तेल, बाम, पावडर काहीही नको. काढल्यावर पट्टी तिच्या प्लास्टिकवर परत चिकटवून बंद पिशवीत ठेवा. चिकटपणा कमी झाला तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा, त्यानेही भागलं नाही तर नवी घ्या. मशीन एकदाच घेता, पट्ट्यांचा खर्च मात्र चालू राहतो, तो हिशेबात धरा.

आता कोणाला लावायचं नाही ते. छातीत पेसमेकर किंवा तसलं कुठलंही यंत्र बसवलेलं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय नाही. गरोदर बाईच्या पोटावर-कंबरेवर नाही. फिट येत असतील तर विचारल्याशिवाय नाही, आणि डोक्या-मानेवर तर नाहीच. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, डोळ्यांवर नाही, छातीच्या आरपार नाही. जखमेवर, गाठीवर, कॅन्सरच्या जागी नाही. पोटरी अचानक सुजून गरम झाली असेल तर तिथे नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुम्ही लिहिलंय की आईंना दहा वर्षांपासून डायबेटिस आहे. तेव्हा पहिल्यांदा लावण्याआधी एक तपासणी करा. त्यांना डोळे मिटायला सांगा, कापसाने आणि मग काडीपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने गुडघ्याभोवती हलकेच स्पर्श करा, आणि मऊ की टोचरं ते विचारा. जिथे फरक सांगता येत नाही तिथे पट्टी लावायची नाही. बधिर कातडीला करंट किती झाला ते कळत नाही, आणि भाजलं तरी माणूस गप्प बसतो.

आणि दुखण्याचं स्वरूप बदललं तर मशीनने ते दाबून ठेवू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा, यातलं काहीही दिसलं की आधी डॉक्टर. शेवटच्या दोन गोष्टी असल्या तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल.

मशीन घ्यावं का? लगेच नको. आधी तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे विचारा, दोन आठवड्यांसाठी भाड्याने किंवा अनामत ठेवून देतात का. बरेच जण देतात. एक वही करा. रोज तीनच नोंदी: जिना चढताना दहापैकी किती दुखलं, मध्ये किती वेळा थांबावं लागलं, व्यायाम झाला की नाही. पहिले तीन दिवस मशीनशिवाय लिहा, मग मशीनसह. दोन आठवड्यांत जिन्याचे आकडे हलले नाहीत तर पैसे वाचवा. टेन्स सगळ्यांना लागू पडत नाही, आणि लागू न पडणं हा आईंचा दोष नाही. आकडे हलले तर घ्या, पण असं घ्या ज्यावर वेग, रुंदी आणि जोर तिन्ही बदलता येतात, आणि ज्याच्या पट्ट्या बाजारात सहज मिळतात. फुलपाखराच्या आकाराचे चिकटवायचे मसाजर आणि पायाखालच्या चटया यांवर आकडेच नसतात. करंट किती, कसा, काही कळत नाही. त्या घेऊ नका.

उरलेल्या पैशांत चाळीच्या संडासात ठेवता येईल अशी कमोडची खुर्ची बघा. दिवसातून दोन-तीन वेळा उकिडवं बसणं वाचलं तर गुडघ्याला मशीनइतकाच आराम पडेल. वजनाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण जास्त असेल तर अंगावरचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

पहिल्या दिवशी मशीनचं चाक आईंच्याच हातात द्या. तुम्ही फक्त पट्ट्या लावा. चार वर्षं दुखणं कधी येईल, किती येईल हे त्यांच्या हातात नव्हतं. मावशींनाही मी दुसऱ्या दिवसापासून चाक हातात दिलं, आणि मी ठेवला होता त्यापेक्षा दोन घरं जास्त करंट त्यांनी स्वतःहून घेतला.